एक्स्टेंशन बारा

साताऱ्यात हंबीरराव शेळक्यांच्या दिवाणखान्यात, हातात पोह्यांची बशी असताना, नाथाजीराव खराडे आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोलून गेले. वाक्य मोठं नव्हतं. "माझं एक्स्टेंशन बारा," एवढंच ते म्हणाले.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मुलाकडची मंडळी नाथाजीरावांच्या साक्षीला बघून गेली होती आणि आता रीतीप्रमाणे नाथाजीराव सपत्नीक मुलाचं घर बघायला आले होते. मुलगा ऋषिराज, बी.फार्म., मिरजेला औषधांच्या मोठ्या दुकानात नोकरी, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे साक्षीला आवडलेला. राहिला होता तो फक्त हंबीररावांचा होकार. हंबीरराव सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बायकोला हाक मारायची झाली की त्यांचा हात अजून टेबलावरची घंटी शोधायचा.

"नागपंचमी झाली की काय ते फोनवर कळवतो," हंबीरराव म्हणाले. "तुमच्याकडे फोन आहे ना?"

आता या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, 'नाही.' थोडं कमी खरं, पण समाजमान्य उत्तर होतं, 'पी.पी.' त्या काळी शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा आणि त्यापुढं पी.पी. ही दोन अक्षरं लावायची, अशी रीत होती. त्या अक्षरांचा अर्थ कुणी कुणाला विचारत नसे. ज्याच्या नंबरापुढं ती असतात त्याच्या घरी फोन नसतो, एवढं सगळ्यांना कळायचं आणि तेवढं पुरे व्हायचं. खराड्यांचा पी.पी. म्हणजे समोरच्या शालूबाई. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि त्यानं आईसाठी फोन घेतला होता. खराड्यांसाठी फोन आला की शालूबाई दारात येऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, आणि बोलणं संपेपर्यंत तांदूळ निवडत शेजारी बसून राहायच्या.

"समोरच्या शालूबाईंचा—" विमलताईंनी तोंड उघडलं होतं.

"ऑफिसातच करा," नाथाजीरावांनी बायकोचं वाक्य मध्येच तोडलं. "ऑपरेटर उचलेल. माझं एक्स्टेंशन बारा."

हंबीररावांच्या भुवया वर गेल्या. "ऑपरेटर आहे?"

"म्हणजे काय!"

ऑपरेटर नव्हता. एक्स्टेंशन नव्हतं. बारा हा आकडा सांगलीच्या एका बँकेत कुणा साहेबाच्या टेबलावर नाथाजीरावांनी पाहिला होता आणि त्या साहेबाचं एकूण बसणं त्यांना फार आवडलं होतं.

परतीच्या एसटीत कराडला विमलताई म्हणाल्या, "आवं, तुमच्या हापिसात फोन एकच हाय. आन त्योबी पेटीत, कुलपात हाय."

"होईल सगळं," नाथाजीराव म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर ऊस बघायला सुरुवात केली.

नाथाजीरावांचं ऑफिस म्हणजे श्री सिद्धनाथ हळद उत्पादक सहकारी संघ. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती सगळी माणसं अजून हयात आहेत आणि आता त्यांच्याकडं फोनही आहेत. आष्ट्यापासून फार लांब नाही, एवढं समजा. ऑफिस म्हणजे एक हॉल. हॉलच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची केबिन, केबिनमध्ये चेअरमन लालासाहेब, लालासाहेबांपुढं लाकडी पेटी, आणि त्या पेटीत संघाचा फोन. पेटीला कुलूप. किल्ली लालासाहेबांच्या जानव्याला असती, पण ते जानवं घालत नसल्यामुळं करगोट्याला होती. मॅनेजर म्हणून नाथाजीरावांनी या फोनवर जे काही बोलणं केलं, ते सगळं उभ्यानं. बरं, लालासाहेब पुकारायचेही असे की सबंध हॉलला कळावं. "मॅनेजर, तुमच्या मंडळींचा फोन हाय! दळान आनायचं इसरू नगा म्हणत्यात!" हॉलमधले कारकून मान खाली घालून हसायचे. एवढी वर्षं हे सोसलेल्या माणसानं साताऱ्यात एकदा फुशारकी मारली तर त्याला फार नावं ठेवू नयेत, असं कुणी म्हणेल. आपण ठेवणार आहोत.

दुसऱ्या दिवशी नाथाजीराव केबिनमध्ये गेले ते पाठ करूनच.

"साहेब, मोठ्या संस्थांत चेअरमन स्वतः फोन उचलत नाहीत."

लालासाहेबांच्या हातात तेव्हा नेमका रिसीव्हर होता. त्यांनी तो विंचू असावा तसा खाली ठेवला. "मंजी मी उचलतो ते चूक म्हणायचं व्हय?"

"चूक नाही, साहेब. पण शोभत नाही."

सहकारात 'परवडत नाही' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. 'शोभत नाही' म्हटलं की ठराव होतो. इंटरकॉमचं मशीन आणायचं ठरलं. टेलिफोन खात्याची लाईन त्या मशीनला जोडायची, मशीनजवळ ऑपरेटर बसवायचा, आणि त्यानं बटण दाबून ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या टेबलावर द्यायचा. मशीन मिरजेच्या मुनीरभाईंनी दिलं. मुनीरभाईंच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होत आलेले, पण यांना स्वरांचा कान नाही हे लहानपणीच लक्षात आल्यामुळं वडिलांनी यांना इंटरकॉमच्या धंद्यात घातलं होतं. समोरच्याला थांबायला लावलं की मशीन आपोआप संगीत वाजवतं, हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. ते संगीत ऐकल्यावर वडिलांचं बरोबरच होतं हे कुणालाही पटलं असतं.

मशीनला आठ एक्स्टेंशनं, अकरा ते अठरा. संचालक तेरा. पैकी बारा जण ऑफिसात फक्त सभेपुरते यायचे, तेही भेळ येईपर्यंत. तरी प्रत्येकाला फोन हवा होता, आणि तो कुठं ठेवायचा हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. अकरा नंबर चेअरमनचा, यावर वाद नव्हता. मग व्हाइस चेअरमन अर्जुनाअण्णा उभे राहिले.

"अकराच्या फुडं काय येतं?" त्यांनी सभेला विचारलं.

"बारा," सभा म्हणाली.

"मग बारा माजा."

साताऱ्याला तर बारा सांगून झालेला. क्षणभर नाथाजीरावांना वाटलं, की उठावं आणि सगळं कबूल करून टाकावं. पण मॅनेजर माणूस कबूल करत नसतो, तो हिताचं सांगतो.

"अण्णा, तुमचाच मान आहे," ते हळूच म्हणाले. "पण बारा... सकाळसंध्याकाळ समोर बारा दिसणार. लोक म्हणणार, अण्णांचे बारा वाजले. इलेक्शन तोंडावर आहे. शिवाय बाराव्याचं जेवण वगैरे... आपण मानत नाही हो, पण लोक."

अण्णा खाली बसले. "मग तेरा?" असं कुणीतरी सुचवलं, तर अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू यानं तिरडीचा बांबूच आणून दिला. शेवटी अण्णांनी अठरा घेतला, सगळ्यांत मोठा आकडा म्हणून. ते ऐकून लालासाहेबांना वाटू लागलं, की आपल्याला लहान आकडा देऊन कुणीतरी गंडवलंय. अकरा म्हणजे शुभ, अकरा म्हणजे आहेराचा आकडा, हे त्यांना पटवण्यात ती सभा संपली. बारा नंबर 'कुणी घेत नाही म्हणून' मॅनेजरच्या गळ्यात मारण्यात आला. नाथाजीरावांनी तो खिन्न चेहऱ्यानं स्वीकारला. त्यांचा तो चेहरा बघण्यासारखा होता.

आता प्रश्न एवढाच, की खात्याच्या तारेला हे खाजगी मशीन जोडायची परवानगी. त्यासाठी नाथाजीराव सांगलीला एका मोठ्या कचेरीत गेले. कुठली ते विचारू नका. तिथल्या बाबूंनी त्यांचा अर्ज उलटा धरून वाचला आणि म्हणाले, "फोन कुणाच्या नावावर आहे?"

"संघाच्या."

"नाही. धोंडिराम बापू यांच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या."

धोंडिराम बापू म्हणजे संघाचे संस्थापक. हॉलमध्ये त्यांच्या फोटोला रोज हार असतो. "ते वारले," नाथाजीराव म्हणाले.

"मग त्यांच्या सहीचं पत्र आणा."

नाथाजीराव पदवीधर होते, पण अशा प्रसंगी पदवी कामाला येत नाही. बरंच थांबल्यावर, चहा पाजल्यावर, आणि दुसरा चहाही पाजल्यावर असं कळलं, की वारसाची सही चालते. वारस म्हणजे बापूंच्या विधवा, धोंडुबाई. संघाच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. नाथाजीराव कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. धोंडुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं.

"मंजी त्यो फोन माज्या मालकाच्या नावावर हाय? आन मला मेलीला एवड्या वर्सात येकदाबी कुणी कानाला लावू दिला न्हाई!"

"काकू, ते जरा ऑफिसचं—"

"सई करती की. पर एक डबडं हिकडंबी बशीव. न्हाईतर जा सांगलीला, आन तितंच बस."

अशा रीतीनं तेरा नंबर गल्ली ओलांडून, लिंबाच्या फांदीवरून, धोंडुबाईंच्या देवळीत गेला. बाईंना आकड्याचं काही नव्हतं. "माजं तेरावं मी सवता ऐकीन," त्या म्हणाल्या.

या भानगडीत नाथाजीरावांना एक गोष्ट मात्र शिकायला मिळाली, आणि तीच पुढं नडली. परवानगीचं काय झालं ते विचारायला त्यांनी त्या कचेरीत फोन लावला होता, उभ्यानंच. पलीकडून बाईचा आवाज आला, "आधी तुमच्या साहेबांना लाईनवर घ्या. मग आमचे साहेब येतील."

"मीच बोलतोय, मॅनेजर."

"स्वतःच फोन लावलात?" बाईनं विचारलं. तिच्या आवाजात दया होती.

शिव्या दिल्या असत्या तर नाथाजीरावांनी त्या पचवल्या असत्या, शिव्यांची त्यांना संघात सवय होती. ती दया मात्र त्यांच्या जिव्हारी लागली. त्या रात्री त्यांना एक सत्य उमगलं. जगात दोनच जाती आहेत, लाईनवर आधी येणारे आणि नंतर येणारे. यापुढं आपण नंतर येणार.

ऑपरेटर म्हणून जोतीराम आला. जोतीराम फौजेत सिग्नलमध्ये होता, असं तो सांगायचा. तिथं तो नेमकं काय करत होता हे कळायला मार्ग नव्हता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायची सवय त्यानं तिथून आणली होती. हुकूम म्हणजे हुकूम, हीही त्याची एक सवय होती, आणि नाथाजीरावांना तीच सगळ्यात आवडली.

"जोतीराम, माझ्यासाठी फोन आला, की आधी त्यांच्या साहेबांना लाईनवर घ्यायचं. ते आले की मग मला द्यायचं. त्याआधी नाही. कोणीही असो."

"कुनीबी आसंल तरी न्हाई. वव्हर."

जोतीरामचं टेबल नाथाजीरावांच्या टेबलाला चिकटून होतं. हॉलमध्ये दुसरी जागाच नव्हती. जोतीरामनं कोपर जरा बाहेर काढलं, की ते नाथाजीरावांच्या चहाच्या कपाला लागायचं. म्हणजे सांगलीहून, मुंबईहून, साताऱ्याहून आलेला फोन जोतीरामनं घ्यायचा, बटण दाबायचं, आणि तो तिथल्या तिथं, हातभर अंतरावर, घंटा वाजवत नाथाजीरावांकडं पोहोचायचा. पण नाथाजीरावांनी घरून आणलेलं क्रोशाचं विणकाम फोनखाली घातलं, आणि त्या हातभर अंतराचा त्यांना केवढा अभिमान!

उद्घाटन झालं. हळदीचा संघ, तेव्हा हळदीला काय तोटा. संचालकांनी ओळीनं येऊन मशीनला मूठमूठ हळद-कुंकू वाहिलं. मुनीरभाई "बस, बस, अंदर जाएगा," म्हणून विनवत होते. लालासाहेब म्हणाले, "आवं जाऊ द्या की आत, आपलीच हाय, सेलम क्वालिटी." अर्जुनाअण्णांनी नारळ मशीनशेजारच्या दगडावर फोडला, पण मान आपला मोठा हे दाखवायच्या भरात असा आपटला, की पाणी थेट मशीनमध्ये गेलं. अठरा नंबर तिथंच गेला. तो पुन्हा कधी वाजला नाही, पण अण्णांनी तो टेबलावरून हलवूही दिला नाही. मोठ्या माणसाचा फोन उगाच वाजत नसतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नागपंचमी आली आणि गेली. नाथाजीराव रोज वेळेआधी ऑफिसात येऊन बाराजवळ बसू लागले. लघवीला जायचं टाळू लागले. बारा काही वाजेना. तेरा मात्र दिवसभर वाजायचा. धोंडुबाई बटण दाबून जोतीरामला विचारायच्या, "किती वाजलं रं?" आणि "आज बाजारात भेंडी कशी हाय?" आणि एकदा नुसतंच, "हायस न्हवं?"

घरी निराळीच तऱ्हा. साक्षी बोलून दाखवत नव्हती, पण संध्याकाळी बाप दारात दिसला की तिचे डोळे आधी त्याच्या तोंडाकडं जायचे. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता. नाथाजीरावांना ते दिसायचं, काळजात तुटायचं, आणि तुटलं की ते दुसऱ्या दिवशी फोनखालचं विणकाम आणखी सरळ करायचे. समोरून शालूबाई विचारायच्या, "आला का वं फोन? माजा नंबर दिला असता तर कवाच आला असता की!" नाथाजीराव त्यांना उत्तर देत नसत. ऑपरेटर असलेला माणूस तांदूळ निवडणाऱ्या बाईशी काय बोलणार?

आणि एका सोमवारी, लालासाहेब केबिनमध्ये वामकुक्षी घेत असताना, फोन आला.

"श्री सिद्धनाथ हळद संघ, वव्हर," जोतीराम म्हणाला. मग त्यानं ऐकलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून नाथाजीरावांकडं बघितलं. "साताऱ्याचं शेळके हायेत म्हणं. त्यांच्या मंडळी बोलत्यात."

नाथाजीरावांनी केसांवरून हात फिरवला, जणू पलीकडून दिसणार होतं. "साहेब स्वतः आलेत का लाईनवर?"

जोतीरामनं विचारलं. "न्हाई. मंडळी म्हणत्यात, आदी मुलीच्या वडलांस्नी घ्या. मुलाचा बाप आदी येत नसतो म्हणं."

हंबीररावांनी कचेरीत सारी उमर अशीच काढली होती. नंबर शिपायानं लावायचा, रिसीव्हर शिपायानं धरायचा, पलीकडचा आला की मग यांनी घसा साफ करायचा. आता शिपाई नव्हता, तर बायको होती. आणि वर ते वरबाप. नाथाजीरावांच्या अकलेचा एक कण जरी जागेवर असता, तर त्यांनी हात लांब करून जोतीरामच्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला असता. हातभर तर अंतर! पण नियम त्यांचा, ऑपरेटर त्यांचा, आणि तीन कारकून लेखण्या थांबवून बघत होते.

"सांग," नाथाजीराव कुजबुजले, "साहेब कामात आहेत. हंबीरराव आले की लगेच देतो म्हणावं."

जोतीरामनं सांगितलं. पलीकडं काहीतरी खलबत झालं. "त्या म्हणत्यात, आमचे सायबबी कामात हायेत. पर इतंच उभं हायेत, मला दिसत्यात."

"आपणही इथंच आहोत म्हणून सांगू नको!"

"आमचंबी सायब इतंच हायेत, वव्हर," जोतीराम फोनमध्ये म्हणाला. फौजी माणूस खोटं बोलत नाही. "पर आदी येत न्हाईत. हुकूम हाय."

तेवढ्यात तेरा वाजला. धोंडुबाई. जोतीरामनं सवयीनं साताऱ्याला थांबायचं बटण दाबलं आणि मशीननं मुनीरभाईंचं संगीत सुरू केलं. ते म्हणजे कुणीतरी पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडून त्याला सनई शिकवावी, असं काहीतरी होतं. "सव्वातीन, काकू, वव्हर," जोतीराम इकडं सांगत होता, आणि तिकडं साताऱ्यात हंबीररावांनी, बायको एवढी का दचकली म्हणून, तिच्या हातातला रिसीव्हर घेऊन कानाला लावला होता.

जोतीराम परत आला तेव्हा लाईनवर स्वतः हंबीरराव होते. नियमाप्रमाणे आता बारा द्यायचा. जोतीरामनं बटण दाबलं. उद्घाटनाची सेलम क्वालिटी त्या बटणाखाली घट्ट बसली होती. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. बारा वाजला नाही. संगीत पुन्हा सुरू झालं. नाथाजीराव रिसीव्हर उचलून "हॅलो, हॅलो, नमस्कार" म्हणत होते ते कुणालाच ऐकू जात नव्हतं, फक्त हातभर अंतरावरच्या जोतीरामला जात होतं. त्यानं आदबीनं "नमस्कार, सर," म्हटलं.

शेवटी जोतीरामनं लाईन परत आपल्याकडं घेतली, तोच फोन कट झाला. कट होण्याआधी हंबीरराव जे बोलले ते जोतीरामनं शब्दशः ऐकवलं, कारण निरोप गाळायचा नाही हीही त्याची फौजेतली शिस्त. "एवढ्या मोठ्या माणसाशी सोयरीक आम्हाला झेपायची नाही. मुलीसाठी चांगला कलेक्टर बघा म्हणावं. वव्हर." मग त्यानं स्वतःहून जोडलं, "शेवटचं वव्हर माजं हाय, सर."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी नाथाजीरावांनी घरी सांगितलं तेव्हा विमलताईंनी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "आवं, एक पाऊल सरकून फोन घ्यायचा हुता! तुमी मुलीचं बाप हायसा, कलेक्टर न्हाईसा! पोरीच्या जल्माचा सवाल, आन तुमी कोण आदी बोलतंय ते मोजत बसला?"

"तत्त्वाचा प्रश्न होता," नाथाजीराव म्हणाले. म्हणताना ते त्यांचं त्यांनाच पोकळ वाटलं.

साक्षी चुलीपाशी होती. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं जळलेली भाकरी उलटली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला फोन हवा होता, तो मिळाला. मला जे हवं होतं, ते तुमच्या टेबलावर नव्हतं." एवढं बोलून ती बाहेर निघून गेली. त्या रात्री नाथाजीरावांना जेवण गेलं नाही. साक्षी कुठं गेली, हे विचारायचंही त्यांना धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीरभाई येऊन पिन घालून बारा नंबरचं बटण साफ करून गेले. दुपारी, पहिल्यांदाच, बारा वाजला. एवढा सुरेल वाजला, की नाथाजीरावांना धसकाच बसला.

"सर, फोन हाय," शेजारून जोतीराम म्हणाला.

"कुणाचा?"

"शालूबाईंचा. त्या म्हणत्यात, आदी तुमच्या सायबास्नी लाईनवर घे. मग मी येती."

हॉलमधल्या लेखण्या पुन्हा थांबल्या. तत्त्व म्हणून जे काय होतं ते सगळं नाथाजीरावांनी गिळलं. रिसीव्हर उचलून, उभं राहून, सवयीनं, ते म्हणाले, "हॅलो, मी नाथाजी बोलतोय."

"थांबा हं, दूध उतू जातंय," शालूबाई म्हणाल्या आणि गेल्या. नाथाजीराव उभे. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. ते संगीत मुनीरभाईंच्या संगीतापेक्षा पुष्कळ बरं होतं. बऱ्याच वेळानं शालूबाई परत आल्या.

"तुमच्या पोरीचं लगीन ठरलं वं! काल सांजच्याला माज्याकडं येऊन तिनं सवता साताऱ्याला फोन लावला. सासूनं उचलला. कुणाला देऊ म्हणाली, तर साक्षी काय म्हणाली म्हाइताय? म्हणाली, तुमालाच द्या, आई, मला तुमच्यासंगटच बोलायचंय. त्या बाईला आजवर कुणी तसं म्हटलंच नव्हतं की वं! रडली फोनवर. आन मग तिनं नवऱ्याला सुनावलं, ते मला हिकडं ऐकू येत हुतं. तांदूळ निवडायचं इसरले मी. आज सकाळी खुद हंबीररावांचा फोन आला. सवता लावलेला. म्हणाले, मुलगी पसंत हाय, बापाचं बघू."

नाथाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी फोनखालचं विणकाम ओढलं, आणि त्यानं नाक पुसलं.

"आन एक अट घातलीया," शालूबाई म्हणाल्या. "पत्रिकेवर फोन म्हणून माजाच नंबर छापायचा. जितं फोन उचलत्यात तितला नंबर पायजे, म्हणाले."

पत्रिका आष्ट्याला छापायची ठरली. छापखान्यात मुद्रितं तपासायला नाथाजीराव स्वतः गेले. खाली 'आपले नम्र' म्हणून त्यांचं नाव होतं, नावाखाली शालूबाईंचा नंबर, आणि नंबरापुढं ती दोन अक्षरं. ज्यांच्यापासून पळता पळता त्यांनी एक चेअरमन, एक व्हाइस चेअरमन, एक विधवा, एक फौजी आणि मूठभर हळद वाया घालवली होती, तीच.

"पी.पी. ठेवू का काढू, सायेब?" छापखानेवाल्यानं विचारलं.

तिकडं साक्षी शालूबाईंच्या ओट्यावर बसून साताऱ्याशी बोलत असेल, आणि शालूबाई शेजारी तांदूळ निवडत असतील, हे नाथाजीरावांना इथूनही दिसत होतं.

"ठेवा," ते म्हणाले. "मोठ्या टाईपात ठेवा."

छापखानेवाला वळला. नाथाजीराव दारापर्यंत गेले, थांबले, आणि परत आले.

"पण त्याच्याखाली," ते घसा खाकरून म्हणाले, "बारीक अक्षरात, कंसात, 'ऑफिस: एक्स्टेंशन बारा' एवढं बसेल का?"

छापखानेवाल्यानं पत्रिका वरखाली नीट बघितली. "न्हाई बसत, सायेब," तो म्हणाला.